दाबाखालचा ऑक्सिजन आणि मनाचा आजार

संपादकांनी हा विषय सुचवला तेव्हा मला एक बाई आठवल्या. पन्नाशीच्या शिक्षिका, नैराश्यावरच्या गोळ्यांनी चांगल्या सावरलेल्या. बंद चेंबरमध्ये दाबाखाली ऑक्सिजन देणाऱ्या एका केंद्रात त्यांना सांगितलं, आता ऑक्सिजन सुरू करू, गोळ्या सोडा. महिन्याभरात झोप उडाली, जेवण तुटलं. मुलगा त्यांना माझ्याकडे घेऊन आला तो चेंबरची आणखी सत्रं मागायला. मी याच उपचाराचा डॉक्टर, म्हणून संताप जास्त झाला.

कोविडच्या २०२१च्या लाटेत आपण सिलिंडरसाठी वणवण केली. तेव्हापासून ऑक्सिजन जितका जास्त तितका चांगला, ही समजूत घट्ट बसली आहे. वास्तविक धडधाकट माणसाचं हिमोग्लोबिन साध्या हवेतच ऑक्सिजनने ९७-९८ टक्के भरलेलं असतं. दाब वाढवला की मात्र ऑक्सिजन थेट रक्तद्रवात विरघळतो, सोड्याच्या बाटलीत वायू मुरतो तसा. १०० मिली रक्तात एरवी ०.३ मिली विरघळलेला असतो. तिप्पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला की हा आकडा ६ मिलीच्या आसपास जातो. पाणबुड्यांना होणारा बेंड्स हा आजार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहींच्या पायाच्या चिघळलेल्या जखमा यांत त्याचा गुण मी पाहिला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. नैराश्य मात्र मान्य आजारांच्या यादीत नाही. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने, एफडीएने, २०१३मध्येच तसं बजावलं होतं.

तरी आशेला आधार आहे. इस्राएलमधल्या बीरशेबाच्या संशोधकांनी २०२१मध्ये एक छोटी चाचणी प्रसिद्ध केली. सौम्य ते मध्यम नैराश्याच्या पन्नासेक रुग्णांना महिनाभर रात्री झोपेत नाकातल्या नळीवाटे काहींना ३५ टक्के ऑक्सिजन, काहींना साधी हवा दिली. ऑक्सिजन मिळालेल्यांची लक्षणं अधिक उतरली. यात चेंबर नव्हतं, वाढीव दाबही नव्हता.

चेंबरमधल्या ऑक्सिजनची चाचणी घ्यायची तर तुलना करायची कशाशी, यावर आम्हा डॉक्टरांत वर्षानुवर्षं भांडण आहे. दाब वाढला की कानाला दडे बसतात, त्यामुळे खोटा उपचार द्यायचा तरी थोडा दाब द्यावाच लागतो. मेंदूला सौम्य मार बसलेल्या ७२ अमेरिकी सैनिकांवरची चाचणी २०१५मध्ये आली. काहींना दीडपट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, काहींना १.२ पट दाबाखाली नुसती हवा, काहींना नेहमीचेच उपचार. चेंबरमध्ये गेलेले दोन्ही गट सुधारले, जवळजवळ सारखेच. समर्थक म्हणतात, १.२ पट दाबाची हवा म्हणजे २५ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखंच, तोही उपचारच झाला. गणित बरोबर आहे. पण मग फक्त नेहमीच्या उपचारांवर राहिलेल्यांना काय मिळालं नाही, तेही पाहावं लागेल. रोज ठरल्या वेळी उठणं, अंघोळ करून घराबाहेर पडणं, कुणीतरी ‘काल झोप लागली का?’ विचारणं, हे त्यांच्या वाट्याला आलं नव्हतं. नैराश्यामुळे अंथरुणातून उठवत नाही अशा रुग्णाला एवढ्यानेही उभारी येते, हे कुठलाही मनोविकारतज्ज्ञ सांगेल. तो गुण ऑक्सिजनच्या खात्यावर मांडणं मला पटत नाही.

धोकेही आहेत. कानाचा पडदा दुखावतो, क्वचित झटके येतात. आणि आग! १९९७मध्ये मिलानच्या एका चेंबरमध्ये ११ जण जळून गेले.

नैराश्यावर रीतसर, मोठी चाचणी करायला कुणी पुढे आलं, तर माझं चेंबर मी देईन. त्यात एक गट असा हवा, जो रोज येईल, बसेल, बोलेल आणि फक्त खोलीतली हवा घेईल. रुग्णांच्या गोळ्या चालूच राहतील, आणि त्यांच्याकडून एक रुपयाही घेतला जाणार नाही.