धोतरवाले दादासाहेब आणि गाडीवाले साहेब

चळवळीत रोज बुडवणारा एक वर्ग असतो आणि भाषण करणारा दुसरा. जात मोडायला निघालेल्या चळवळीत ही नवी वर्णव्यवस्था कशी शिरली, याचा विचार आता घराघरांत व्हायला हवा. आम्ही हे कडवटपणे लिहीत नाही. चळवळ आमची आहे, म्हणून लिहितो.

पिंपळनेर हे साक्री तालुक्यातले पांझरेकाठचे गाव. इथल्या आमच्या वस्तीत बहुतेक घरे मोलमजुरीवर चालतात. धुळ्याला कलेक्टर कचेरीवर मोर्चा न्यायचा म्हणजे पहाटे भाकरी बांधायच्या, टेम्पोची वर्गणी काढायची आणि घरातल्या दोन माणसांचा रोज बुडवायचा. हे आम्ही राजीखुशीने करतो. जे मिळाले ते लढूनच मिळाले, ही बाबासाहेबांची शिकवण आम्ही विसरलेलो नाही.

पण गायरानाच्या एका मोर्चाची गोष्ट आमच्या आयाबाया अजून काढतात. सकाळपासून बायका लेकरे घेऊन उन्हात बसल्या. साहेब दुपारी आले. भाषण झाले, निवेदन दिले, फोटो निघाला आणि साहेब विश्रामगृहावर जेवायला गेले. गुन्हे दाखल झाले ते आमच्या पोरांवर. पुढे कितीतरी वर्षे कोर्टाच्या तारखा आम्ही केल्या. वकिलाच्या फीसाठी कानातले गहाण पडले. साहेबांचे नाव त्या कागदात कुठेच नव्हते. पुढच्या निवडणुकीत, ज्यांच्याविरुद्ध आम्ही घसा कोरडा केला, त्यांच्याच व्यासपीठावर साहेब हार घालून बसले. विचारले तर म्हणाले, "हे राजकारण आहे, तुम्हाला कळायचे नाही."

आम्हाला कळत नाही असे कसे? याच खानदेशाने भूमिहीनांचा लढा पाहिला आहे. १९५९ साली दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाचा जमिनीचा सत्याग्रह झाला, तेव्हा खानदेशातले भूमिहीन त्यात उतरले होते. दादासाहेब म्हणजे १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात तावून निघालेला माणूस. अंगात साधे धोतर, बोलणे खेड्यातल्या माणसाचे. त्याच सुमारास पक्षात फूट पडली. शिकलेल्या, वकिली करणाऱ्या काही पुढाऱ्यांना मोर्चे आणि सत्याग्रह मान्य नव्हते. हा मार्ग घटनेचा नव्हे, कम्युनिस्टांचा, असे त्यांचे म्हणणे होते. लोकांनी या भांडणाला नाव दिले, धोतरवाले आणि पँटवाले. पँटीत काही वाईट नाही. आमची मुलेही पँटच घालतात. प्रश्न हा की भूमिहीनाच्या पोटाचा प्रश्न काहींना कमी प्रतीचा का वाटला?

धोतरवाल्यांनी काय केले ते पाहा. ६ डिसेंबर १९६४ रोजी देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह सुरू झाला. १९६५ च्या फेब्रुवारीपर्यंत तीन लाखांहून अधिक माणसे तुरुंगात गेली. त्यांत तान्ही मुले काखेत घेतलेल्या बायाही होत्या. संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावा आणि बौद्धांना सवलती द्या, या मागण्या तेव्हाच्याच. दोन्ही १९९० साली पुऱ्या झाल्या. पडीक जमीन भूमिहीनाला द्या, ही मागणी मात्र आजही बहुतेकांसाठी अर्धवट आहे. तुरुंगात गेलेल्या त्या लाखो माणसांची नावे कोणत्या कमानीवर आहेत?

दादासाहेबांवरही टीका झाली, हे सांगितले पाहिजे. १९६७ च्या सुमारास त्यांनी काँग्रेसशी समझोता केला आणि पुढे तीच वाट अनेकांना सोयीची झाली. आमचा माणूस म्हणून हिशेब विचारायचा नाही, ही रीत बुद्धाची नव्हे.

१९९८ ला काय झाले? लोकसभेत रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार एकाच वेळी निवडून आले. प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, रामदास आठवले, जोगेंद्र कवाडे. वस्त्यावस्त्यांत पेढे वाटले गेले. १९९९ ची निवडणूक येईपर्यंत एकी मोडली होती. फूट पडली की पुढाऱ्याला नवा गट मिळतो. वस्तीला मात्र दोन वर्गण्या आणि भावाभावांत अबोला मिळतो.

खुर्ची कशी सोडायची, हे बाबासाहेबांनी दाखवले. हिंदू कोड बिल रखडले, तेव्हा सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले. नंतर १९५२ ला मुंबईत आणि १९५४ ला भंडाऱ्यात पराभव पत्करला, पण विचार विकला नाही.

आणि त्याहून जुनी गोष्ट उपालीची. शाक्य राजपुत्र दीक्षा घ्यायला आले, त्यांच्यासोबत त्यांचा न्हावी उपालीही होता. राजपुत्रांनीच विनंती केली की आधी उपालीला दीक्षा द्या, म्हणजे आम्हाला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा अहंकार गळेल. तथागतांनी तसेच केले. ज्याच्या हातात वस्तरा, तो पुढे. ज्यांच्या डोक्यावर मुकुट, ते मागे. आमच्या सभेत पहिली रांग कोणाची असते?

म्हणून बंधूभगिनींनो, मोर्चे सोडू नका. दर ३१ जुलैला लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जाल, १४ एप्रिलला मिरवणुकीत नाचाल, तेव्हा आपसात बोला. वर्गणी मागायला कोणी विहारात आले, तर हार घालण्याआधी तीन गोष्टी विचारा. मागच्या वर्गणीचा हिशेब कुठे आहे? पोरांवर केस झाली तर वकील कोण देणार? आणि साहेब, जेवायला आमच्याबरोबर बसणार की विश्रामगृहावर? हे प्रश्न बायकांनी आधी विचारावेत. भाकरी त्याच बांधतात, तारखेला पैसेही त्याच जोडतात.

उत्तर देणारा मिळाला, तर त्याच्या मागे आम्ही चालत धुळ्याला जाऊ. जय भीम.