कादंबरीच्या फेरीत जात कुठे आहे?

कुलाब्याच्या लिओपोल्ड कॅफेत बरेच परदेशी पाहुणे एक पुस्तक वाचून येतात. ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स यांची 'शांताराम' ही कादंबरी २००३ साली आली आणि तिच्यातली ठिकाणं दाखवणारे गाइड मुंबईत तयार झाले. लिओपोल्ड, गेटवे, कुलाब्याच्या गल्ल्या आणि मग 'खरी मुंबई' म्हणून एखादी झोपडपट्टी. पुस्तक वाचून शहर बघावंसं वाटणं यात गैर काही नाही. आमचा प्रश्न एवढाच, की या फेरीत जात कुठे आहे?

कादंबरीचा नायक ऑस्ट्रेलियातल्या तुरुंगातून पळालेला. महाराष्ट्रातल्या खेड्यात त्याला शांताराम हे नाव मिळतं, तो मराठी शिकतो, झोपडपट्टीत दवाखाना चालवतो. तो वस्तीत येऊ शकतो, तसा निघूनही जाऊ शकतो. १९७२च्या दुष्काळात मराठवाड्यातून मुंबईला आलेल्या भूमिहीन दलितांना ही मुभा नव्हती. त्यांच्याकडे जमीन का नव्हती? गटारात उतरणारा कामगार बहुतेक वेळा दलितच का असतो? याचं उत्तर गाइड देत नाही आणि पाहुणाही विचारत नाही. त्याला गरिबी दिसते, तिचं कारण दिसत नाही.

आम्ही वस्त्यांमध्ये काम करतो. अभ्यासिकेच्या दारात कॅमेरे येतात, पोरांचे फोटो निघतात, पण पोरांची नावं कुणी विचारत नाही. नळावर भांडी घासणाऱ्या बाईचा न विचारता फोटो काढणं, याला साहित्यप्रेम म्हणायचं का?

लिओपोल्डपासून थोडं चाललं की काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेज लागतं. बाबासाहेब तिथे शिकले आणि १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले. पुढे फोर्टात आनंद भवन आणि बुद्ध भवन आहे. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीने सुरू केलेलं सिद्धार्थ कॉलेज ते हेच. परळच्या बीआयटी चाळीत बाबासाहेब दोन खोल्यांत वर्षानुवर्षं राहिले. अण्णा भाऊ साठे घाटकोपरच्या चिरागनगरात राहिले आणि 'चिरागनगरची भुतं' लिहून त्यांनी ती वस्ती साहित्यात आणली. 'जेव्हा मी जात चोरली होती'चे लेखक बाबुराव बागूल माटुंगा लेबर कॅम्पात वाढले. झोपडपट्टी आतून लिहिणारे हे लेखक असताना तिची ओळख बाहेरच्या पुस्तकावरून का व्हावी?

आपल्या समाजाला अशी फेरी नवी नाही. दर ६ डिसेंबरला खेड्यापाड्यांतून लाखो माणसं चैत्यभूमीवर येतात, राजगृह बघतात आणि शिवाजी पार्कवरच्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन गावी जातात. पुस्तक आणि शहर यांची गाठ आपण केव्हाच बांधली आहे. हीच गोष्ट वर्षभर, नीट आखून करता येईल. गाइड वस्तीतलेच शिकलेले तरुण-तरुणी असावेत, पैसा वस्तीच्या अभ्यासिकेला मिळावा आणि परवानगीशिवाय कुणाच्या घरात डोकावू नये, फोटो काढू नये.

हे काम लांबणीवर टाकण्यासारखं नाही. वरळी-नायगावच्या बीडीडी चाळी पुनर्विकासात पडत आहेत आणि त्यांच्या जागी टॉवर उभे राहत आहेत. रहिवाशांना चांगली घरं मिळालीच पाहिजेत, तो त्यांचा हक्क आहे. पण कोणत्या खोलीत कोणती सभा झाली, मोर्चा कोणत्या मैदानातून निघाला, हे सांगणारी म्हातारी माणसं आज आपल्यात आहेत. त्यांना सोबत घेऊन पहिली फेरी या वर्षीच निघाली पाहिजे.

जय भीम!