पाटाकाठचे झाड

स्तोत्रसंहितेत दीडशे स्तोत्रे आहेत, आणि देवाशी बोलायला शिकवणाऱ्या या संग्रहाचा आरंभ मात्र ऐकण्यापासून होतो, कारण त्यातील पहिलेच स्तोत्र शास्त्राभ्यासाविषयी आहे. परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस मनन करणारा मनुष्य धन्य होय, असा त्या स्तोत्राचा आशय. ‘मनन’ हा शब्द चुकीचा नाही, परंतु मराठी कानाला तो मिटल्या ओठांनी, मनातल्या मनात चालणारी क्रिया सुचवतो. मूळ हिब्रूतील ‘हागा’ या क्रियापदाला मात्र आवाज आहे. यशयाच्या ग्रंथात सिंह आपल्या भक्ष्यावर पंजा रोवून जी गुरगुर करतो तिच्यासाठी हाच शब्द येतो, आणि जिवावरच्या दुखण्यातून उठलेला हिज्कीया राजा आपल्या कण्हण्याला पारव्याच्या घुमण्याची उपमा देतो तेव्हाही हाच येतो. वचन ओठांवर घोळवणे, पुटपुटणे, एकाच ओळीपाशी पुन्हा पुन्हा घुटमळणे, हा अभ्यासाचा मूळ अर्थ. आणि त्यात सिंहाची भूक आहे तसे पारव्याचे दुःखही आहे.

त्याच स्तोत्रात अशा मनुष्याला पाण्याकाठच्या झाडाची उपमा दिली आहे. भाषांतरांत बहुधा ओहोळ किंवा प्रवाह असे शब्द येतात; परंतु मूळचा ‘पेलेग’ हा शब्द ‘विभागणे’ या अर्थाच्या धातूपासून आला असल्याने त्याचा रोख वाटून, वळवून आणलेल्या पाण्याकडे, म्हणजे मराठी शेतकरी ज्याला पाट म्हणतो त्याकडे आहे. झाडासाठी योजलेल्या शब्दाचा अर्थही केवळ ‘उगवलेले’ असा नसून ‘लावलेले’ असा आहे, आणि काही अभ्यासक तर तो ‘एका जागेहून काढून दुसरीकडे लावलेले’ असाच घेतात. हे झाड रानात आपोआप रुजलेले नाही. कोणीतरी ते पाटाकाठी आणून लावले आहे. पाटाच्या पाण्याचा स्वभाव शेतावर राबलेल्या माणसाला सांगावा लागत नाही. ते धो-धो येत नाही, पाळीने येते. आणि पाळी आली की मग रात्र असो वा पहाट, खोऱ्याने मातीचा बांध फोडून एका वाफ्यातले पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवावे लागते, ज्याला खेड्यात ‘दारे धरणे’ म्हणतात. दारे धरणारा पाणी निर्माण करीत नाही, त्याने फक्त हजर राहायचे आणि वाट मोकळी करायची. ख्रिस्ती धर्मविचारात ‘कृपा’ म्हणजे मनुष्याने न कमावता त्याला मिळणारे देवाचे दान. या कृपेचा आणि मनुष्याच्या नित्य साधनेचा मेळ कसा घालावा, हा जुना प्रश्न खोरे घेऊन चिखलात उभ्या राहिलेल्या त्या माणसापाशी बराचसा सुटतो.

मराठीत ‘पारायण’ आणि ‘नित्यपाठ’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांतला भेद येथे उपयोगी पडतो. पारायणात ग्रंथ ठरावीक दिवसांत शेवटास न्यायचा असतो. नित्यपाठाला शेवट नसतो. प्रॉटेस्टंट परंपरेच्या 66 पुस्तकांच्या बायबलमध्ये 1189 अध्याय आहेत, म्हणजे रोज तीन-चार अध्याय वाचले तर वर्षात एक पारायण होते, आणि ते अनेक जण निष्ठेने करतात. संपूर्ण शास्त्राचा आवाका डोळ्यांसमोर राहावा म्हणून ते आवश्यकही आहे. तरीही जवळीक या हिशेबात मावत नाही. बाराव्या शतकात फ्रान्समधील कार्थुसियन या एकांतवासी संघाचा मठाधिपती दुसरा ग्विगो याने वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान अशी चार पायऱ्यांची शिडी वर्णिली आणि ती समजावण्यासाठी जेवणाचा दाखला दिला: वाचन घास तोंडात घालते, मनन तो चावते, प्रार्थनेला चव लागते आणि ध्यान म्हणजे तो गोडवाच. आपल्याकडच्या श्रवण, मनन आणि निदिध्यासन या क्रमाशी त्याचे नाते चटकन जाणवते; फरक इतकाच की ख्रिस्ती अभ्यासात मननानंतर प्रार्थना येते, म्हणजे ज्याचे बोलणे ऐकले त्याला उत्तर दिले जाते. उत्तर देण्याची ही पायरी गाळली तर शास्त्राचे ज्ञान वाढते आणि ओळख तेवढीच राहते.

ज्ञान आणि ओळख यांतले हे अंतर पंडिता रमाबाईंच्या आयुष्यात जसे दिसते तसे क्वचितच कोठे दिसत असेल. 1858 साली जन्मलेल्या रमाबाई शास्त्र्यांच्या घरातल्या. आईवडिलांसह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत त्या वाढल्या, आणि ग्रंथ पाठ असणे ही त्यांच्या दृष्टीने श्वासाइतकी सहज गोष्ट होती. कलकत्त्यात त्यांच्या हाती प्रथम संस्कृत बायबल आले तेव्हा त्यातली भाषा आणि शिकवण दोन्ही इतकी परकी वाटली की ते वाचणे म्हणजे वेळ दवडणे असे त्यांना झाले. परंतु ती प्रत त्यांनी कधी दूर केली नाही, असे त्यांनी 1907 सालच्या आपल्या साक्षीत नमूद केले आहे. (‘साक्ष’ म्हणजे श्रद्धावंताने आपल्या जीवनातील देवाच्या कार्याविषयी दिलेले निवेदन.) पुढे आसामातील सिलचर येथे पतीच्या ग्रंथसंग्रहात त्यांना लूककृत शुभवर्तमानाची बंगाली पुस्तिका सापडली आणि त्यांना वाचनाची गोडी लागली. वैधव्यानंतर त्या इंग्लंडला गेल्या. तेथे फुलहॅम येथे पतित मानलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पाहिल्या आणि ही करुणा येते कोठून असे विचारले, तेव्हा एका भगिनीने योहानकृत शुभवर्तमानाचा चौथा अध्याय त्यांना वाचून दाखवला. विहिरीवर पाण्याला आलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशू बोलतो तो हा अध्याय. आधी कृती दिसली आणि मग तिचा उगम ज्या वचनात आहे ते वचन आले, हा क्रम फार बोलका आहे.

1883 साली रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, परंतु त्या धर्माचे जीवन असलेला ख्रिस्त अद्याप भेटलेला नाही. संस्कृतात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवलेल्या विदुषीने असे लिहावे, हे शास्त्राभ्यासाविषयी लिहिलेल्या अनेक ग्रंथांहून मोलाचे आहे. ती आठ वर्षे मात्र वाया गेली असे म्हणता येत नाही; पाट खणण्यातही काळ जातोच.

कवी नारायण वामन टिळकांचा अनुभव याहून वेगाने घडला. 1893 साली आगगाडीच्या प्रवासात एका परक्या सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी आपल्या सवयीप्रमाणे पेन्सिलीने खुणा करीत पहिल्या पानापासून वाचायला घेतला, आणि मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनाशी आल्यावर तेथून त्यांचा पाय निघेना. पेन्सिलीच्या अशा खुणा मराठी ख्रिस्ती घरांतील जुन्या बायबलांत आजही पाहायला मिळतात. संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत एकेकाने एकेक वचन वाचायचे, लहानग्याची पाळी आली की त्याने ओळीखाली बोट धरून अक्षरे जुळवायची आणि बाकीच्यांनी थांबायचे, अशी या घरांतली रीत. त्या थांबण्यात एरवी नजरेतून निसटलेला शब्द मोठ्यांनाही नव्याने ऐकू येतो.

नित्य क्रमाने वाचणाऱ्याला उतारे निवडण्याची मुभा नसते, आणि क्रमाचे खरे मोल याच सक्तीत आहे. आवडीची वचनेच चाळणारा वाचक अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राकडे सहसा फिरकत नाही, कारण इतर विलापस्तोत्रे बहुधा शेवटी आशेकडे वळतात, पण हे हिब्रूत ‘अंधार’ याच अर्थाच्या शब्दावर संपते. क्रमाने येणाऱ्याला ते वाचावेच लागते. आणि ज्या शास्त्रात असा आक्रोश न सावरता, न खोडता जपून ठेवला आहे, त्या शास्त्राच्या देवापुढे काहीही झाकण्याची गरज नाही, हे त्याला तेथे कळते. माणसे एकमेकांजवळ येतात तीही सुखाच्या गप्पांपेक्षा असे काही बोलता आल्यावरच.

स्वतः स्थापन केलेल्या केडगावच्या मुक्ती सदनात, दुष्काळातून वाचलेल्या आणि समाजाने टाकलेल्या शेकडो स्त्रियांचा संसार चालवीत असताना, रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले. अल्पशिक्षित स्त्रीलाही वाचता यावे असे साधे मराठी त्यांना हवे होते. हे काम सुमारे अठरा वर्षे चालले. भाषांतर हा शास्त्राभ्यासाचा सर्वांत संथ प्रकार होय, कारण वाचकाला न कळलेला शब्द ओलांडून जाता येतो, भाषांतरकाराला येत नाही. प्रत्येक वचनापाशी त्याला दारे धरून उभे राहावेच लागते. 1921 च्या जुलैत त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. काम थांबले नाही. मुद्रिते तपासण्याचे अखेरचे काम हातावेगळे करून 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी देह ठेवला, आणि मुक्ती सदनाच्याच छापखान्यात तेथील स्त्रियांनी छापलेले ते संपूर्ण मराठी बायबल 1924 साली बाहेर आले.