दगडांवरची नावं

न्यू शाहूपुरीतल्या वायल्डर मेमोरिअल चर्चमध्ये माझा बाप्तिस्मा झाला, लग्नही तिथंच लागलं. पण ज्यांचं नाव या चर्चला आहे ते रॉयल वायल्डर कोण, हे आमच्या मंडळीतल्या कित्येक तरुणांना सांगता येत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली १८९५ साली. वायल्डर हे अमेरिकन मिशनरी त्याच्या कितीतरी आधी, १८५२च्या डिसेंबरात कोल्हापुरात आले. यांना हद्दपार करा, असा अर्जही तेव्हा झाला होता. तरी माणूस टिकला, शाळा काढल्या. अमेरिकन बोर्डानं इथलं काम बंद केल्यावरही १८६१मध्ये ते स्वतःच्या हिमतीवर परत आले. १८७०मध्ये हे काम प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेलं. मग पन्हाळा, सांगली, मिरज, कोडोली अशी ठाणी झाली. वायल्डर १८८७मध्ये न्यूयॉर्कला वारले, तेही पुन्हा इकडे यायचं मनात असताना. त्यांची कबर कोल्हापुरात नाही.

पुस्तकांत वायल्डर सापडतात, १८९४मध्ये मिरजेला दवाखाना उघडणारे डॉ. वानलेस सापडतात. माझी पणजी सापडत नाही. १९००च्या दुष्काळात आईबाप गेलेली ती पोर मिशननं वाढवली, शिकवली आणि पुढं ती शाळेत शिकवू लागली. तिला मूठमाती मिळाली कोडोलीत.

गेल्या उन्हाळ्यात आत्याला घेऊन तिथल्या दफनभूमीत गेलो. घाणेरीच्या झुडपाआड काळा दगड निम्मा मातीत रुतलेला. मी तारेचा ब्रश काढला तशी आत्या म्हणाली, “तार लावू नको बाळा, अक्षरं जातील.” मग नुसतं पाणी आणि दाढीचा जुना ब्रश. शेवाळ निघालं तरी अक्षरं लागेनात. दगडावर छत्रीची सावली धरली आणि मोबाइलची बॅटरी अगदी कडेनं, आडवी पाडली, तेव्हा एकेक ओळ उठून आली: तिचं नाव, खाली “शाळेतील बाई”, आणि शेवटी फक्त “योहान ११:२५”. आत्यानं ते वचन तोंडपाठ म्हटलं. आजूबाजूच्या तीन-चार दगडांवर मात्र काहीच उरलेलं नव्हतं. ती माणसं कोण, हे आता कुणीच सांगू शकणार नाही.

मिशनऱ्यांचे अहवाल अमेरिकेत नीट जपलेले आहेत. आपल्या माणसांची नोंद आपणच ठेवायची आहे. ईस्टरच्या पहाटे दफनभूमीत उपासनेला याल तेव्हा वही आणा. नाव, साल, गाव जसंच्या तसं उतरवा, फोटो काढा. दगडाला ऑइलपेंट फासू नका. पाळकसाहेबांच्या परवानगीनं बाप्तिस्मा, लग्न आणि दफनाच्या जुन्या नोंदवह्यांच्याही प्रती करा. एक प्रत चर्चमध्ये ठेवा, एक घरी. आणि घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल, तर त्यांना सोबत घेऊन जा.