संत्र्याचा बर्फ

होळी उलटली की भिलाईतल्या सुपेल्याच्या बाजारात संत्र्याचे ढीग खाली बसायला लागतात. हा मृग बहाराचा शेवटचा माल. मृगाच्या पावसावर फुललेली, हिवाळा झाडावर काढून गोडीला आलेली ही फळं. दिवाळीच्या आगेमागे येतो तो आंबिया बहार, जरा आंबटसर. मृगाचं संत्रं गोड, पण या दिवसांत त्याची साल आतल्या फळापासून सुटून सैल झालेली असते. हातात घेतलं की नुसती हवा दाबल्यासारखं वाटतं. टोपलीमागची बाई एक फोड पुढे करते, ‘मीठ हे दाई, चीख के देख ले.’ (छत्तीसगढीत मीठ म्हणजे गोड.) मी फोड खाते आणि भाव करायचं राहून जातं.

भिलाईतल्या मराठी माणसाला संत्रं परगावचं वाटतच नाही. नागपूर ते दुर्ग रेल्वेने अडीचशे किलोमीटरच्या थोडं वर. मध्ये गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव. १९५६ पर्यंत दुर्ग, रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते, आणि राजधानी नागपूर. त्याच्याही आधी अठराव्या शतकात रतनपूरला बिंबाजी भोसले राज्य करत होते. नागपुरात संत्र्याचं रोप भोसल्यांनीच आणवलं असं सांगतात. तेव्हा राज्य आणि संत्रं एकाच घराण्यातून आपल्याकडे आलं म्हणायला हरकत नाही. राज्य गेलं, संत्रं दर हंगामाला येतं. ज्या रुळांवरून गाडी येते त्यांतले बरेचसे इथल्याच पोलाद कारखान्यात लाटलेले असतात, ही आणखी एक गंमत.

तर या शेवटच्या संत्र्यांचं काय करायचं? मार्च संपता संपता पारा चाळिशीला टेकतो आणि मे महिन्यात दुपारी सेक्टरमधले रस्ते निर्मनुष्य होतात. तेव्हा नेमकं संत्रं बाजारात नसतं. असतं ते आताच. आमच्याकडे त्याचा बर्फ होतो. ‘सॉर्बे’ म्हणावं तर ते तसं मऊ नसतं, आणि गोळा म्हणावा तर त्यात बाटलीतला लाल रंग नसतो. इटलीत सिसिलीकडे याला ग्रानिता म्हणतात. तिथे लिंबाचा करतात आणि सकाळी पावाबरोबर खातात. आम्ही रात्री जेवणानंतर खातो.

आमच्या लहानपणी फ्रिज कमी क्वार्टरांत होते. उन्हाळ्यात आइस्क्रीम व्हायचं ते पॉटमध्ये. लाकडी बादली, मधे पत्र्याचा डबा, वर दांडा. बर्फाच्या कारखान्यातून सायकलला बांधून लादी यायची, पोत्यात आणि लाकडाच्या भुशात गुंडाळलेली. ती पोत्यातच ठेवून हातोडीने फोडायची. मग बादलीत एक थर बर्फ, वर मूठमूठ जाडं मीठ, पुन्हा बर्फ. मिठामुळे बर्फ वितळायला लागतो आणि वितळायला लागणारी उष्णता तो आजूबाजूने ओढून घेतो, म्हणजे मधल्या डब्यातूनही. तीन भाग बर्फाला एक भाग मीठ घातलं तर ते मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत उतरू शकतं. ओट्यावरच्या बादलीत इतकं कोणाचं उतरत नाही, पण बोटं बधिर व्हायला कमीही चालतं. अकबराच्या दरबारात सोरा वापरून पाणी गार करत, हे अबुल फजलने आईन-ए-अकबरीत लिहून ठेवलंय. आमच्या बादलीचं घराणं तसं जुनं आहे.

दांडा फिरवायला रांग लागायची. शेजारी बंगाली, समोर तेलुगू, वरच्या मजल्यावर मल्याळी. कारखान्यासाठी अवघा देश इथे गोळा झालेला, आणि उन्हाळ्यात तो अवघा देश आमच्या पॉटभोवती. बंगाली काकी गंधराज लिंबाचं पान चुरगळून रसात टाकायच्या आणि दोन मिनिटांत काढून घ्यायच्या. ‘जास्त नाही ग, कडू होतं,’ असं आमच्याशी मराठीत बोलायच्या. त्यांचं मराठी भिलाईचंच होतं, अर्धं हिंदी. आमचंही तसंच.

पुढे फ्रिज आला आणि पॉट माळ्यावर गेला. सगळ्यांना वाटलं, आता काय, रस ओतला की झालं. पण फ्रिजरमध्ये रसाचा दगड व्हायचा. चमचा वाकायचा, बर्फ नाही. शिवाय तो दगड चोखायला घेतला की आधी सगळा रंग, सगळी गोडी निघून यायची आणि हातात पांढरं, बेचव पाणी उरायचं.

असं का होतं ते मला आमच्या ह्यांनी सांगितलं. ह्यांची सगळी नोकरी कारखान्यात गेली, रेल मिलमध्ये. १९५५ साली रशियनांशी करार झाला, १९५९च्या ४ फेब्रुवारीला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिली ब्लास्ट फर्नेस सुरू झाली, हे सगळं इथल्या पोरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. पण पोलाद निवतं कसं, हे भट्टीच्या आसपास वावरलेल्यालाच ठाऊक. ते सावकाश निवलं की आतला ग्रेन मोठा होतो, झटकन निवलं की बारीक. ‘तुझ्या बर्फाचंही तेच,’ ह्यांनी फ्रिजचं दार उघडं धरून सांगितलं. (दार उघडं धरून शिकवू नये, हे मीही सांगितलं.) रस स्वस्थ पडून सावकाश गोठला की पाण्याचे स्फटिक ऐसपैस वाढतात. वाढताना ते साखरेला आत घेत नाहीत, बाहेर ढकलतात. मग शुद्ध पाण्याच्या सुया एकीकडे आणि मधोमध घट्ट, गडद पाक. चोखताना आधी पाकच ओढला जातो.

पॉटमध्ये हे होत नसे, कारण खारं पाणी डब्याला चारी अंगांनी भिडलेलं असायचं आणि आतलं पातं भिंतीवर धरलेला बर्फ सारखं खरवडायचं. फ्रिजरमध्ये असते गार हवा. उणे १८ असली तरी हवाच ती. तिला खाऱ्या पाण्याचा झपाटा नाही, आणि दांडा फिरवणारंही आत कोणी नाही.

बाजारातल्या कंपन्या आणि हॉटेलवाले यावर साखरेचा उपाय करतात. साखर विरघळली की पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. पुरेशी असली तर फ्रिजरमध्येही थोडा पाक न गोठता राहतो आणि तोच सगळ्याला मऊ ठेवतो. सॉर्बेत साखर साधारण पंचवीस ते तीस टक्के लागते. संत्र्याच्या रसात मुळात असते दहाच्या आसपास. म्हणजे अर्धा लिटर रसाला वरून शंभर ग्रॅमच्या वर घालावी लागणार. आणि गारठलेल्या जिभेला गोडी कमी कळते, त्यामुळे एवढी घालूनही खाणाऱ्याला ‘अगदी माफक गोड’ वाटतं.

आमच्याकडे शंभर ग्रॅमचा प्रश्नच नव्हता. ह्यांना रिटायर झाल्यावर शुगर निघाली. शुगर निघाली की भिलाईत शुगर फ्री डबे, मेथीदाण्याचं पाणी, कारल्याचा रस आणि शेजाऱ्यांचे सल्ले हे सगळं एकदमच घरात येतं. बाजारात ‘हेल्दी’ लिहिलेले आइस्क्रीमचे कपही मिळतात. त्यांच्या झाकणावर फळ असतं आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरात बाकीचं सगळं. मला तो शब्दच आता जरा सैल सालीच्या संत्र्यासारखा वाटतो. घरी केलं म्हणून ते पथ्याचं होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५च्या मार्गदर्शनात तर फळांच्या रसातली साखरही वरून घातलेल्या साखरेबरोबरच मोजतात, आणि दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिलात तर अधिक चांगलं असं सुचवतात. आख्खं संत्रं खाल्लं तर गर, तंतू, चावायचा वेळ, सगळं पोटात जातं. रस काढला की साखर तेवढीच, पण लगाम गेला. तेव्हा ज्याला खरोखर पथ्य पाळायचंय त्याने फोडी सोलून खाव्यात. हे एकदा मनाशी मान्य केलं की बर्फ करायला मोकळीक मिळते.

साखर गोडीपुरतीच असती तर कमी करून भागलं असतं. पण मऊपणाही तीच सांभाळते. ती काढली की तिचं काम कुणीतरी करावं लागतं, आणि फ्रिज येऊन पॉट माळ्यावर गेल्यावर ते कुणीतरी म्हणजे काटा-चमचा घेतलेला हात.

मी करते ते असं. आठ-नऊ संत्री. आधी सालीचा केशरी भाग बारीक किसणीवर हलक्या हाताने किसायचा. नागपुरी संत्र्याची साल सैल, ती किसणीखाली सरकते, म्हणून फळ मुठीत घट्ट आवळून, सोलायच्या आधीच. सालीवरचे ते बारीक ठिपके म्हणजे तेलाच्या पिशव्या. किसताना त्या फुटतात, बोटांना तेलकट ओल येते आणि वास घरभर होतो. पांढरा भाग लागला की थांबायचं, तो कडू. मग फोडी सुट्या करून, वरचे पांढरे दोरे काढून, बिया टाकून रस. मिक्सर नको, आणि घाईही नको. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पापुद्र्यात असा पदार्थ असतो, जो रसाच्या आंबटपणात हळूहळू लिमोनिनमध्ये बदलतो. काढल्याबरोबर रस गोड लागतो आणि तासा-दोन तासांनी कडवट होतो तो त्यामुळे. बिया भरडल्या गेल्या तर विचारूच नका. मोसंबीवाल्याच्या ठेल्यावर ‘लगेच प्या’ म्हणतात ते उगीच नाही. म्हणून रस हाताने पिळायचा, जाडसर चाळणीतून गाळायचा आणि फार वेळ बाहेर ठेवायचा नाही.

अर्ध्या लिटर रसात दोन चमचे साखर, मोठे, पण सपाट. एका कागदी लिंबाचा रस, कारण मृगाचं संत्रं गोड असलं तरी त्याला धार कमी, नुसतं ते गुळमट लागतं. चिमूटभर सैंधव. किसलेली साल. चौघांत वाटलं तर प्रत्येकाच्या वाट्याला सगळी मिळून वीसेक ग्रॅम साखर. सणावाराच्या एका गुलाबजामाला जे लाड चालतात त्यापुढे हे निमूट आहे.

भांडं रुंद हवं. मी स्टीलचं ताट घेते, काठाचं, रस बोटभरापेक्षा कमी उंचीचा राहील असं. पातळ थर लवकर गोठतो, आणि पोलादातून गारवा प्लास्टिकपेक्षा लवकर पोचतो. फ्रिजरमध्ये ताट सपाट ठेवायला भेंडीची पाकिटं, मटार, गेल्या महिन्याचं खोबरं सगळं उचलावं लागतं, तोच काय तो खटाटोप.

पाऊण तासाने दार उघडलं की काठावर पापुद्रा धरलेला असतो. त्याचा रंग फिका, मधलं पाणी गडद. इथेच ती साखरेची ढकलाढकल डोळ्यांनी दिसते. काट्याने काठ खरवडून मधे ओढायचा, मधलं काठाकडे सारायचं. मग दर अर्ध्या तासाने तेच. पहिल्या दोन वेळा काही घडतंय असं वाटत नाही, नुसता संत्र्याचा चिखल. तिसऱ्या वेळी काटा करकरायला लागतो. चौथ्या-पाचव्या वेळी ताटात केशरी भुगा उभा राहतो, ओलसर, सुटा, हलवला की ढासळणारा. जिभेवर ठेवला की आधी करकर, मग वास, मग गोडी, आणि सगळ्यात शेवटी सालीची किंचित कडवट झाक. घाईघाईने बोटाएवढा जाड थर लावून एकदाच खरवडलात तर मात्र गोळेवाल्याकडेच जावं, तो दहा रुपयांत जास्त आनंद देईल.

वाट्या आधी फ्रिजमध्ये गार करून घ्याव्यात. वर पुदिन्याचं पान वगैरे मी ठेवत नाही. फोटोत छान दिसतं, दातात अडकतं. बंगाली काकी आता इथे नाहीत, मुलाकडे गेल्या, पण त्यांच्यामुळे रसात लिंबाचं एखादं पान चुरगळायची सवय राहिली. आपल्या कागदी लिंबाचं पानही चालतं. दोन मिनिटं, जास्त नाही.

उरला तर दुसऱ्या दिवशी त्याची वडी झालेली असते. दहा मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा खरवडता येते, पण पहिल्या दिवशीची मजा नाही. तिसऱ्या दिवशी सरळ पाणी आणि मीठ घालून सरबत. उरायचा प्रसंग मात्र क्वचितच. परवा वाट्या वाटून झाल्या, माझी अजून अर्धी होती, तर हे रिकामी वाटी पुढे करून उभे.

‘अहो, तुमची झाली की. शुगर आहे ना?’

‘दोन तास खरवडण्यात गेले, साखर केव्हाच जिरली असेल.’

‘खरवडलं मी,’ म्हटलं, ‘तुमची कशी जिरली?’