सहा चटयांचे घर

आमच्या चाकूर भागात घर खणांवर मोजण्याची रीत होती. दोन तुळयांमधील जागा म्हणजे एक खण. 'अमक्याचा बारा खणी वाडा' एवढे म्हटले की त्या घराण्याची पत सांगून होई. आमचाही असा एक वाडा होता. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवद, दारात ढाळज आणि आत धान्याने भरलेले बळद. लातूर-नांदेड मार्गावरील या गावात आमची भुसाराची अडत चार पिढ्यांची. अडत्याचे घर मोठे असावेच लागते, असे वडील म्हणत. ओसरीवर टेकलेला शेतकरी तेथूनच पेढीची ऐपत ओळखतो.

गेल्या मार्गशीर्षात सौ. व मी टोकियोस जाऊन आलो. आमचे चिरंजीव सहा वर्षांपासून तेथे संगणक क्षेत्रात नोकरीस आहेत. त्या देशात खोली चटयांवर मोजतात. 'तातामी' ही सुमारे सहा फूट लांब व तीन फूट रुंद अशी जाड चटई. आता पुष्कळ घरांत जमीन लाकडी असली तरी माप चटयांचेच सांगतात. चिरंजीवांची खोली सहा चटयांची. स्वयंपाकाचा कट्टा व न्हाणीघर धरून सारे घर २० चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २१५ चौरस फुटांचे. आमच्या दुकानातील हरभऱ्याची थप्पी हंगामात याहून अधिक जागा व्यापते.

हा प्रवास निव्वळ हौसेचा नव्हता. त्याच्या आधी दोन महिने एक चांगले स्थळ जुळत आले होते. मुलीच्या वडिलांनी सहज विचारले, "तिकडे घर किती खोल्यांचे?" मी खरे ते सांगितले. आठ दिवसांनी पत्रिका जमत नसल्याचा निरोप आला. समजायचे ते आम्ही समजलो. रस्त्यालगतचा प्लॉट विकून मुलाला मोठे घर घ्यावयास लावायचे, असे ठरवूनच आम्ही निघालो होतो.

टोकियोच्या पूर्वेस एदोगावा प्रभागात निशी-कासाई नावाची वस्ती आहे. सन २००० च्या सुमारास भारतीय संगणक अभियंते मोठ्या संख्येने जपानमध्ये येऊ लागले. येथून शहराच्या मध्यभागातील कचेऱ्यांकडे थेट मेट्रो जात असल्याने त्यांतील पुष्कळजण येथे स्थिरावले. तूरडाळ, हिंग, बेसन सर्व मिळते. २०१९ मध्ये या प्रभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. एवढ्या दूर रस्त्यात मराठी बोलणे कानी पडले, तेव्हा सौ.चा अर्धा शीण उतरला.

घरात शिरताच पायताणे काढण्याची खोलगट जागा होती. पुढे एक शेगडी, एक लहान मोरी आणि मग ती खोली. दोन ताटे, दोन वाट्या, एक कढई. तिसरे ताट आमच्यासाठी शेजारच्या कुटुंबाकडून उसने आणले होते. ते पाहून सौ.चे डोळे भरले. "माझ्या कोठीघरात सव्वाशे ताटे आहेत रे," एवढेच ती म्हणाली.

चार दिवसांत त्या खोलीची रीत आम्हांस कळली. पहाटे गाद्या घडी करून भिंतीतील कपाटात ठेवल्या की शयनगृह संपे. त्याच जागी आमची सामायिक होई. मग तेथेच मेज मांडून जेवण, आणि सायंकाळी चिरंजीवांचे वाचन. शौचालयाच्या टाकीवरच हात धुण्याचे लहान कुंड होते. हात धुतलेले पाणी खाली टाकीत साठे व पुढच्या वेळी उपयोगी पडे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते. ते दिवस काढलेल्या माणसाला त्या कुंडापुढे हात जोडावेसे वाटले.

अडचण आली ती सूर्यास्ताची. मार्गशीर्षात तेथे साडेचारलाच सूर्य मावळतो. आम्ही दोघे चारला जेवून घेत असू. चिरंजीव रोज डबा नेतात, कारण बाहेरच्या भाजीतही माशाचा अर्क असू शकतो. कचेरीमुळे एरवी त्यांना सूर्यास्तापूर्वी जेवणे साधत नाही. रविवारी मात्र ते आमच्या पंक्तीस बसले.

व्यापारी म्हणून मला सर्वांत विचार करावयास लावले ते एका नियमाने. तेथे जुने कपाट किंवा खुर्ची टाकून द्यावयाची तर नगरपालिकेकडे नोंद करून, पैसे भरून, चिठ्ठी चिकटवून ठेवावी लागते. वस्तू घेताना एकदा पैसे आणि टाकताना पुन्हा पैसे. आपल्याकडे दुसरा खर्च दिसत नाही. तो माळ्यावर साठत राहतो.

पाचव्या रात्री मी विषय काढला. चिरंजीवांनी शांतपणे आपली टिपणवही पुढे केली. खोलीचे भाडे ६५ हजार येन. मोठ्या घराला जवळजवळ दुप्पट. शिवाय अनामत, आणि घरमालकास 'रेइकिन' म्हणून द्यावयाची रक्कम, जी परत मिळत नाही. त्याखाली दरमहा चाकूरला पाठविलेल्या रकमांची ओळ होती.

ती ओळ माझ्या परिचयाची होती. २०१४ ते २०१६ च्या दुष्काळात शेतकऱ्यांना दिलेली उचल अडकली आणि पेढीवर बँकेचे कर्ज चढले. पुढे मुलाकडून येणारी रक्कम मी वहीत जमेला धरीत गेलो. ती खर्चाच्या कोणत्या बाजूने वाचली, हे मी कधी विचारले नाही. ज्याचे आयुष्य जमाखर्चात गेले त्याची ही चूक लहान म्हणता येणार नाही.

"कर्ज फिटून वर्ष झाले, अण्णा," तो म्हणाला. "तेव्हा मोठे घर पाहूनही आलो. परत येऊन इथे बसलो आणि तिथे काय ठेवायचे याची यादी करू लागलो. काही आठवेना."

त्याच रात्री भूकंपाचा एक हलका धक्का बसला. सौ. दचकून उठली व तिने माझा हात घट्ट धरला. दोघांनाही एकच पहाट आठवली. ३० सप्टेंबर १९९३, तीन वाजून छप्पन्न मिनिटे. किल्लारी परिसरात हजारो माणसे दगडमातीच्या भिंतींखाली व माळवदाच्या भाराखाली गेली. ज्या जाडीने घराची पत ठरे, तिनेच घात केला. आमच्या वाड्यास भेगा पडल्या, माणसे वाचली. पुढची तीन वर्षे दुकानामागच्या पत्र्याच्या एका खोलीत आम्ही सहाजण राहिलो. चिरंजीवांचा जन्म त्याच खोलीतला. ते दिवस आम्ही दुःखाचे म्हणून सांगत आलो; पण त्या काळात घरात भांडण झाल्याचे दोघांनाही आठवेना.

परतण्यापूर्वी आम्ही कोबे येथे दर्शनास गेलो. तेथील कितानो भागात १९८५ मध्ये उभारलेले भगवान महावीरांचे संगमरवरी मंदिर आहे. वाटेत गाडी क्योतोस थांबली, तेव्हा चिरंजीवांनी त्या गावची एक जुनी कथा सांगितली. आठशे वर्षांपूर्वी कामो नो चोमेई या लेखकाने क्योतोत आग, वावटळ, दुष्काळ आणि ११८५ चा भूकंप पाहिला. त्याचे प्रत्येक नवे घर आधीच्याहून लहान होत गेले. शेवटी तो डोंगरात दहा फूट लांब-रुंद झोपडीत राहिला. ती सुटी करून दोन गाड्यांवर नेता येत असे. १२१२ मध्ये त्याने या झोपडीवर एक छोटे पुस्तक लिहिले.

मी म्हणालो, "मग तूही त्याचाच वारसदार. आता मी सर्वांना अभिमानाने सांगेन."

तो हसला. "पुस्तकाच्या शेवटी तो स्वतःलाच विचारतो, या झोपडीवर माझा एवढा जीव जडला, हाही मोहच नव्हे काय? तुम्ही अभिमान नका बाळगू अण्णा. उद्या लग्न झाले आणि दोन खोल्या लागल्या, तर मी दोन घेईन."

मी निरुत्तर झालो. वस्तूवरील मूर्च्छा हाच परिग्रह, हे तत्त्वार्थसूत्राचे सांगणे मी स्वाध्यायात अनेकदा ऐकले होते. मोठ्या वाड्याची मूर्च्छा मला ओळखता येई. लहान खोलीचीही मूर्च्छा असू शकते, हे त्या गाडीत प्रथम उमगले. श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात क्षेत्र, वास्तू, धन, धान्य यांची मर्यादा प्रत्येकाने स्वतः ठरवावयाची असते. आपली गरज आपण मोजावयाची, शेजाऱ्याच्या खणांवरून नव्हे.

चाकूरला परतल्यावर प्लॉट विकण्याचे राहिले आणि घरावर माडी चढविण्याचा बेतही सोडला. पेढीच्या नव्या वहीत एक कोरे पान काढून घरातील वस्तूंची नोंद करावयास बसलो. पहिल्या चार दिवसांत निम्मे घरही झाले नाही. स्थळे येत आहेत. विचारण्यापूर्वीच मी खोलीचे माप सांगून टाकतो. दोघांनी फोन ठेवला, तिसऱ्यांनी पुढची चौकशी केली आहे.

सव्वाशे ताटांपैकी शंभर सौ.ने मंदिराच्या भोजनशाळेस दिली. उरलेल्या पंचविसांतलीही बारा कधी खाली उतरत नाहीत, असे ती परवा म्हणाली. मोजदाद अजून चालू आहे.