नाळेतलं रक्त

सातव्या महिन्यात डिचोलीच्या सामाजिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं आणि प्लेटलेट्स निघाल्या 48 हजार. एरवी दीड लाखाच्या वर हव्यात. दिवस भरत आले की त्या थोड्या उतरतातच, पण इतक्या नाही. बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात पाठवलं. तिथे आधी वेगळ्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजलं. नेहमीच्या नळीत कधी कधी प्लेटलेट्स एकमेकींना चिकटतात आणि मशीनला कमी दिसतात. आकडा खरा निघाला. डेंगी नव्हता, रक्तदाबही ठीक. निदान झालं आयटीपी: शरीर आपल्याच प्लेटलेट्स मारत होतं.

पेडण्याला घरी पपईच्या पानांचा रस सुचवणाऱ्या शेजारणी आल्या. सासूबाईंनी त्यांना दारातूनच वाटेला लावलं, "पोटुशीला पपय नाही, मग पानं कशाला?" मला हायसं वाटलं.

जीव टांगणीला होता तो बाळासाठी. 1950 साली विल्यम हॅरिंग्टन या अमेरिकन डॉक्टरने अशा रुग्णाचं रक्त स्वतःला चढवून घेतलं आणि काही तासांत त्याच्याही प्लेटलेट्स कोसळल्या. रक्तातला तोच दोष वारेतून बाळाकडे जातो. "मग बाळाचं रक्त आत्ताच तपासा ना," मी म्हटलं. डॉक्टरीणबाईंनी खुर्ची जवळ ओढली. पूर्वी पोटातून सुई घालून नाळेतलं रक्त काढत, किंवा कळांमध्ये बाळाच्या टाळूतून थेंब घेत. पण बाळाच्या डोक्यात रक्तस्राव क्वचितच होतो, आणि सुईचा धोका त्याहून मोठा. आईच्या आकड्यावरून बाळाचा ओळखताही येत नाही. म्हणजे जन्मापर्यंत थांबायचं. हे मला फार जड गेलं.

प्रेडनिसोलोनने चेहरा सुजला, पण आकडा 85 हजारांवर आला. केसपेपरवर लाल पेनने लिहिलं: बाळंतपणात चिमटा, व्हॅक्यूम नको.

मुलगी झाली. नाळ कापताच सिस्टरने नाळेतलं रक्त नळीत घेतलं, आणि मांडीत द्यायचं व्हिटॅमिन केचं इंजेक्शन रिपोर्टसाठी रोखून धरलं. 1 लाख 10 हजार! तरी घरी सोडलं नाही, कारण बाळाच्या प्लेटलेट्स जन्मानंतर दोन ते पाच दिवसांत तळ गाठतात. तिच्या 62 हजारांपर्यंत उतरल्या, मग चढू लागल्या. डोक्याची सोनोग्राफी चांगली आली.

पुढच्या खेपेला बाळाचा अंदाज बांधायला पहिल्या बाळाचा आकडाच सगळ्यात उपयोगी, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तिचे रिपोर्ट माझ्या फाइलीत लावून ठेवले आहेत.